जावेच्या भिंतीवरचा गुलाब

धोंडुबाईच्या दहाव्याला सगळी भावकी ओढ्याकाठी कावळ्याची वाट बघत उन्हात बसली होती, त्या वेळी तिची धाकटी जाऊ राहीबाई सांगलीत, विश्रामबागेपुढच्या एका नर्सरीत, पांढरा वेली गुलाब निवडत होती.

दिवस तिनं मुद्दामच हा धरला होता. जाऊ मेली म्हणून घरात बसून राहायला तिला सुतक थोडंच होतं? मधली भिंत घातली त्याच साली दोन्ही घरांचं सुतक तुटलं होतं. त्यांच्यात कोण मेलं तर आम्हाला नाही, आमच्यात मेलं तर त्यांना नाही. गावाला दिसावं म्हणून केसांना तेल चोपडून, घडीचं लुगडं नेसून ती भर चावडीसमोरून गाडीतनं आली होती. सोबत सून संयोगिता होती, तोंड पाडून बसलेली.

नर्सरीवाला सुमंत मऊ बोलणारा शहरी माणूस. त्यानं तीन पिशव्या पुढं मांडल्या.

"हा बघा आजी, झुपक्यानं येतो. फूल लहान, पण वास असा की शेजारी विचारायला येतील. काटे जवळजवळ नाहीतच. बहर मात्र वर्षातून एकदा. हा मधला मोठ्या फुलाचा, पण सायीसारखी पिवळट झाक मारतो. आणि हा तिसरा अगदी चुन्यासारखा पांढरा. थांबून थांबून वर्षभर फुलतो. वास नाही, आणि काटे मांजराच्या नखांसारखे."

"ह्योच द्या."

"वास नाही बरं का ह्याला."

"वास काय चाटायचाय? भिंतीवर चढवायचाय. पल्याडचं मांजरबी उडी टाकून आलं न्हाई पायजे."

"आत्या," संयोगिता हळूच म्हणाली, "ह्यांनी वासाचा लावा म्हणून सांगितलं होतं."

"त्यानं झाड सांगितलं, झाड घेतलं. आता त्याच्या नाकाची बी मर्जी राखू व्हय?"

सांगितलं होतं हे खरं. जयराजनं, तिच्या एकुलत्या एका लेकानं, उभ्या जन्मात तिच्याकडं मागितलेली ही एकच गोष्ट. कोइमतूरच्या त्याच्या दुकानासमोर एका बंगल्याच्या फाटकावर पांढऱ्या गुलाबाची कमान होती. तसली आपल्या दारावर कराल का काकी, असं त्यानं मागच्या दिवाळीत विचारलं होतं. आपल्या दारावर, असं म्हणाला होता. ते दोन शब्द राहीबाईनं सोन्याच्या पुतळ्यांसारखे जपून ठेवले होते.

सुमंत पिशवी फिरवून दाखवायला लागला. "हे नीट बघा. खालचा खुंट गावठी गुलाबाचा, त्यावर पांढऱ्याचा डोळा भरलाय, म्हणजे कलम केलंय. ही गाठ मातीच्या वर ठेवायची. गाठीखालून फुटवा आला की उपटून टाकायचा. नाहीतर खुंट जोर धरतो आणि पांढरा मरतो."

"म्हंजी पोसायचं खालच्यानं, आन नाव वरच्याचं?"

"तसंच म्हणा."

"मग फूल कुनाचं?"

सुमंत हसला. "ज्याचा डोळा त्याचं फूल, आजी. खुंटाचं काम फक्त पोसायचं."

हे उत्तर राहीबाईला इतकं आवडलं की तिनं झाडाच्या किमतीत घासाघीससुद्धा केली नाही. मग सुमंतनं आणखी दोन गोष्टी सांगितल्या. फांद्या उभ्या जाऊ द्यायच्या नाहीत, आडव्या वाकवून भिंतीला बांधायच्या, म्हणजे वेल अंगभर फुलतो. उभा सोडला की नुसता शेंड्याला. आणि तारेनं बांधायचं नाही, साल कापते. जुन्या कापडाच्या चिंध्या घ्यायच्या आणि ढिल्या बांधायच्या.

"दसऱ्याला फुलंल का?"

"पहिल्या वर्षी आशा धरू नका. आधी पाय रोवू द्या त्याला."

"पाय रोवायला त्याला काय कुस्ती खेळायचीय?" राहीबाई म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली.

*

राहीबाईचं माहेर मेढ्याचं. धुक्यापावसातली पोर विट्याकडच्या माळावर दिली, आणि लग्नाची हळद उतरायच्या आत नाथाजीबरोबर कोइमतूरला गेली. गलाईचं दुकान. सोनं वितळवायचं, शुद्ध करायचं. एकच खोली, तिच्यात भट्टी, तेजाबाचा धूर, आणि कोपऱ्यात चूल. अशा ठिकाणी तान्हं पोर ठेवणार कुठं? सगळ्याच गलाईवाल्यांची पोरं गावाकडं वाढायची. जयराजचं दूध तुटलं तसा तो थोरल्या जावेच्या ओटीत आला. धोंडुबाईची कूस उजवलेली नव्हती.

राहीबाई वर्षातून एकदा, दसऱ्याला यायची. पोरगं धोंडुबाईच्या पदराआडून एक डोळा काढून बघायचं. धोंडुबाई डावखुरी. ती त्याच्या चड्डीच्या नाडीला उलट्या हाताची, आठाच्या आकड्यासारखी गाठ मारायची. राहीबाईनं आंघोळीला घेतलं की ती गाठ तिला सुटायची नाही. पोर रडायचं. शेवटी हाक मारावी लागायची, "अवो थोरल्या बाई, जरा सोडा की ही." धोंडुबाई यायची, एका बोटानं ओढायची, गाठ सुटायची. मिश्रीचा काळा दात दाखवून नुसती हसायची.

जयराज तिला 'आई' म्हणायचा आणि राहीबाईला, भावकीतली बाकी पोरं म्हणायची म्हणून, 'काकी'. चाळिशी उलटली गड्याची, तरी काकीच. पोरं कानावर पडतं ते बोलतात, मनाला लावून घेऊ नका, असं लोक सांगायचे. नाथाजी गेला, दीर दादासो गेला, दोघी विधवा समोरासमोर आल्या, तेव्हा राहीबाईनं वाटण्या करून मधोमध पुरुषभर उंचीची भिंत घातली.

धोंडुबाई गेली त्या सकाळी जयराजचा फोन आला होता.

"काकी, मी निघतो. आग मीच द्यायला पायजे."

"कुनाची आग? सुतक तुटलंय आपलं. आलास तर ह्या दाराचं तोंड बगू नगंस."

पलीकडं भट्टीची घरघर चालली होती. "बरं," तो म्हणाला. आला नाही. धोंडुबाईच्या भावाच्या पोरानं, मल्हारनं, आग दिली. आणि त्या दिवसापासून जयराजनं राहीबाईला फोन केला नाही. काय असेल ते बायकोशी बोलायचा.

राहीबाईनं मनाशी हिशेब केला होता. आई म्हणायला आता दुसरी कोण उरलीय? दसऱ्याला येईल. कमान फुललेली बघेल. तोंडातून निघेलच.

तेरावं उरकून मल्हार पलीकडच्या घराला कुलूप लावून निघाला, तो वाटेत राहीबाईच्या दारात थांबला. हातात घडी केलेलं हिरवट लुगडं होतं.

"मावशी, आत्याचं लुगडं. मागं राहिलेल्या जावंला द्यायची रीत हाय."

राहीबाईनं ते दोन बोटांनी घेतलं. काठाला दात लावला आणि टर्रकन फाडलं. "बरं झालं आणलंस. गुलाबाला चिंध्या पायजेच हुत्या."

मल्हार दारातनं मागं सरला. "निदान माझी पाठ फिरल्यावर तरी फाडायचं व्हतं," एवढंच म्हणाला आणि गेला.

*

फाटकाच्या एका बाजूला ती भिंत येऊन टेकत होती. त्या कोपऱ्यात राहीबाईनं स्वतः खड्डा घेतला, शेणखत घातलं, गाठ मातीच्या वर ठेवून गुलाब लावला. वेल बघता बघता वाढला. उन्हाळ्यात जिथं तुळस माना टाकते तिथं ह्याच्या बोटाएवढ्या जाड फांद्या निघाल्या. राहीबाईनं त्या लुगड्याच्या चिंध्यांनी खिळ्यांना करकचून बांधल्या.

दुसऱ्या दिवशी चिंध्या ढिल्या झालेल्या होत्या.

वाऱ्यानं झाल्या असतील. तिनं पुन्हा आवळल्या. पुन्हा ढिल्या. आणि फांद्या, ज्या तिनं घाईत तिरप्या बांधल्या होत्या, त्या भिंतीला समांतर, सूत धरल्यासारख्या आडव्या झोपवलेल्या होत्या.

"संयोगिता, गुलाबाला हात लावतीस व्हय गं तू?"

"मी कशाला लावू आत्या? ते काटे बघितलेत का?"

काटे खरंच वाईट होते. राहीबाईचे हात कोपरापर्यंत ओरबाडलेले होते. सुनेच्या हातांवर एक चरा नव्हता. राहीबाईनं ते हात उलटेपालटे करून बघितले, तरी तिचा संशय गेला नाही. मग ती चिंधीच्या गाठीकडं बघायला वाकली.

आठाच्या आकड्यासारखी गाठ होती. उलट्या हाताची.

राहीबाईनं ती सोडायचा प्रयत्न केला. सुटेना. शेवटी विळ्यानं कापली.

हे तिनं कुणाला सांगितलं नाही. गाठ काय, गाठ म्हणजे गाठ. जगात डावखुरी माणसं कमी आहेत का? मल्हार डावखुरा नसेल कशावरून? तिनं मल्हारला फोन लावायला सांगितला. तो त्याच्या गावी होता, ऊसतोडीच्या गडबडीत. "मावशी, मी कुलूप लावून आलोय ते आजून तिकडं फिरकलो न्हाई," तो म्हणाला. "किल्ली माझ्या कडदोऱ्याला हाय."

पावसाळा लागला. वेल भिंतीच्या माथ्यावर पोचला, फाटकाच्या लोखंडी कमानीवर वळला. फाडलेल्या लुगड्याच्या चिंध्या कधीच संपल्या होत्या. तरी प्रत्येक नव्या फांदीला नवी चिंधी असायची. तोच हिरवट रंग, तेच धुवून विरलेलं सूत. राहीबाईनं एक नाकाशी नेली. मिश्रीचा वास आला. ओल्या पावसातसुद्धा ती चिंधी कोरडी आणि किंचित कोमट लागली, नुकतीच अंगावरनं काढल्यासारखी.

बुंध्याच्या गाठीखालून एकदा फुटवा आला. सुमंतनं सांगितल्याप्रमाणं राहीबाई तो उपटायला बसली. गावठी, पोपटी, लुसलुशीत फुटवा. तो निघाला नाही. तिनं दोन्ही हातांनी ओढला, तेव्हा मातीखालून कुणीतरी तेवढ्याच जोरानं, पण हिसका न देता, धरून ठेवल्यासारखं वाटलं. मुळं खोल गेली असतील, ती म्हणाली. विळ्यानं वरच्या वर कापून टाकला.

कळ्या आल्या त्या भाद्रपदात. सुमंतचा अंदाज खोटा ठरला म्हणून राहीबाई खूश झाली. पण एकही कळी तिच्या बाजूला उमलेना. टपोरी व्हायची, टोकाला पांढरी दिसायची, आणि दुसऱ्या दिवशी तिची मान भिंतीपलीकडं वळलेली असायची.

भर दुपारी राहीबाईनं शिडी लावली आणि भिंतीवरून पलीकडं डोकावून बघितलं.

पलीकडची भिंत दिसतच नव्हती. वरपासून खालपर्यंत नुसती फुलं. चुन्यासारखी पांढरी, एकमेकांना टेकून बसलेली. अंगणात कमरेएवढं गवत माजलं होतं, दाराला कुलूप होतं, कुलपावर गंज चढला होता. फक्त भिंतीच्या पायथ्याशी, माणूस बसेल एवढ्या पट्ट्यात, गवत नव्हतं. तिथली माती ओली, सारवल्यासारखी.

तिनं बराच वेळ बघितलं, मग तिच्या ध्यानात आलं काय चुकतंय ते. एवढी फुलं, त्यातली कित्येक शिळी व्हायला आलेली. खाली एक पाकळी पडलेली नव्हती.

"आत्या, उतरा की, ऊन लागंल," संयोगिता खालून म्हणाली.

"शिडी धर तू. तोंड नगो चालवूस."

*

घट बसले. रोज घटावर एक माळ चढवायची, तर राहीबाईला बाजारातनं झेंडू आणावा लागला. दारात गुलाब असून झेंडू! गल्लीतल्या बायका यायच्या, पलीकडं लवंडलेली फुलं लांबूनच बघायच्या आणि म्हणायच्या, "राहीबाई, लावलं तुमी, पर फुललंय तिकडं." पंच्याहत्तरी गाठलेली, गावाशी तोंडाला तोंड देणारी राहीबाई झेंडूची माळ घेऊन आत जायची.

जयराज येणार असल्याचं संयोगितानं सांगितलं. दसऱ्याच्या संध्याकाळी पोचतो म्हणाला होता.

राहीबाईनं हार्डवेअरच्या दुकानातनं तार आणली. सगळ्या चिंध्या विळ्यानं कापल्या. पलीकडं झुकलेल्या फांद्या ओढून ओढून आपल्या बाजूला आणल्या आणि तारेनं पिळून बांधल्या. हात रक्ताळले. दिवस मावळेपर्यंत तिची कमान तयार होती. मळकट, चुरगळलेली, पण तिची.

दसऱ्याच्या पहाटे सडा टाकायला ती बाहेर आली, तर तार भिंतीवर ठेवलेली होती. तुटलेली नव्हती. सरळ करून, नीट वेटोळं घालून ठेवलेली. आणि वेल होता तिथं परत गेला होता, हिरवट चिंध्यांनी बांधलेला, एवढ्या मायेनं की एकही पान मोडलेलं नव्हतं.

राहीबाईच्या हातातली बादली खाली आली.

आयुष्यभर ती भिंतीशी एक शब्द बोलली नव्हती. आता ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"धोंडे," ती म्हणाली. थोरली जाऊ, पण आता अहोजाहो संपलं होतं. "मेल्यावर बी चोरी सुटंना व्हय गं तुजी? पोसलंस म्हणून पोर तुजं? ज्याचा डोळा त्याचं फूल. मी जल्म दिलाय त्याला."

ती भिंतीच्या आणखी जवळ गेली.

"भिंतीआडून काय खेळ करतीस? दम आसंल तर ये हिकडं. माझ्या दारात, माझ्या शेजारी उबी ऱ्हा. समोरासमोर. मग बगू पोरगं कुनाला आई म्हनतंय."

एवढं बोलून तिनं बादली उचलली आणि सडा टाकला.

सकाळी ऊन आलं तेव्हा कमानीवर, तिच्या बाजूला, पहिलं फूल उमललेलं होतं. दुपारपर्यंत सगळा वेल फिरला. फाटक पांढरं झालं. संयोगिता बघतच राहिली. पलीकडच्या बाजूला राहीबाईनं शिडीवरून नजर टाकली, तर तिकडं नुसती पानं होती, आणि भिंतीपायथ्याचा तो ओला पट्टा वाळून भेगाळला होता.

"बगितलंस?" राहीबाई सुनेला म्हणाली. "दम दिला की भुतंबी वळनावर येत्यात." आणि हसली. बऱ्याच महिन्यांनी हसली.

तिनं आंघोळ केली, नवं लुगडं नेसलं. पुरण तिनं स्वतः वाटलं, सुनेला पाट्याला हात लावू दिला नाही. दिवस कलला तशी ती पायरीवर, फाटकाकडं तोंड करून उभी राहिली. संयोगिता आरतीचं ताट घेऊन मागं होती.

"आत्या," संयोगिता म्हणाली, "जरा डावीकडं सरका की. दाराच्या मधोमध उभ्या ऱ्हावा."

"मधोमधच हाय मी."

"न्हाई, तुमी..." संयोगिता थांबली. तिनं ताटातली वात नीट केली.

राहीबाईनं खाली बघितलं. ती पायरीच्या उजव्या टोकाला उभी होती. डावीकडं एका माणसाची जागा रिकामी होती. ती मधे सरकायला गेली, पण पाय तिकडं जाईना. गर्दीत शेजाऱ्याला खेटल्यावर जसा आपोआप थांबतो, तसा थांबला.

फाटक वाजलं.

जयराज आला. देवळातनं परस्पर आला होता, हातात आपट्याची पानं होती. कमानीखाली थांबून त्यानं वर बघितलं. त्याचं तोंड, भट्टीनं रापलेलं, ओढलेलं तोंड, हळूहळू लहान पोरासारखं झालं.

मग त्यानं पायरीकडं बघितलं.

"आई," तो म्हणाला.

चाळीस वर्षं जे ऐकायला राहीबाईचे कान आसुसले होते ते आलं होतं. "ये बाबा," ती म्हणाली, आणि त्याच्या डोक्यावर ठेवायला तिनं हात पुढं केला.

जयराज चालत आला. हसत होता. डोळे भरले होते. त्याची नजर राहीबाईवर नव्हती. तिच्या खांद्याच्या थोडी डावीकडं, थोडी खाली होती.

तो वाकला. त्याचं डोकं राहीबाईच्या हाताखालून निघून गेलं. रिकाम्या जागेतल्या फरशीला त्यानं दोन्ही हात लावले आणि कपाळाला नेले.

"उशीर झाला गं तुला भेटायला," तो म्हणाला. "सोनं घे. सोन्यासारखी ऱ्हा."

त्यानं पानं पुढं केली, कुणाच्या तरी डाव्या तळव्यावर ठेवावी तशी ठेवली, आणि हात काढून घेतला.

मग तो राहीबाईकडं वळला. अदबीनं, लांबच्या नातेवाइकाला देतात तसं, उरलेलं एक पान त्यानं तिच्या हातात दिलं.

"काकी, तुमीबी घ्या."

राहीबाईनं ते पान घेतलं. पण तिनं त्याच्याकडं बघितलं नाही. ती शेजारी बघत होती.

तिथं ठेवलेली पानं अजून खाली पडली नव्हती.